म्हावरं न खाणारी तुळसा

डिलाईल रोडवरच्या एका दवाखान्याच्या पायरीशी तुळसा तीस-एकतीस वर्षं मासे विकायला बसली. माल ताजा असे, तराजूत हात मारायची तिला सवय नव्हती, आणि कालचं पापलेट आजचं म्हणून तिनं कधी कुणाच्या पिशवीत टाकलं नाही. पण एवढ्यावरून कुणी मासेवालीची आठवण ठेवत नाही. तुळसाची ठेवत, कारण ती कोळीण असून मासे खात नव्हती. जन्म शीव कोळीवाड्यातला, बाप होडीवरचा, आई डोक्यावर पाटी घेऊन दारोदार फिरलेली. आणि ही बाई साधी सुकटसुद्धा तोंडात घालत नव्हती. घरच्यांसाठी कालवण करायची, पण मीठ बघायला दुसऱ्या कुणाला तरी हाक मारायची.

नवीन गिऱ्हाईक विचारायचं, "मावशी, गोड लागेल ना हा?"

"मी नाय खात," ती सांगायची. "पण डोला बघा त्याचा. कल्ला उघडून बघा."

गिऱ्हाईक हसायचं, मग कल्ला बघायचं आणि मासा घेऊन जायचं. जुन्यांना कारण माहीत होतं.

ब्याऐंशीच्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा तुळसा सव्वीस वर्षांची होती. तिचा नवरा रघू हाही कोळीच, पण त्याच्या बापानं होडीतला हिस्सा केव्हाच विकून टाकला होता आणि रघू विसाव्या वर्षी गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, लागला होता. त्याच्याकडे चार साचे होते. चाळीतल्या एका खोलीत तो, तुळसा, त्याची आई काशीबाई आणि चार वर्षांची नलू अशी माणसं राहत. संप महिनाभरात मिटेल असं सगळे म्हणत होते. महिना गेला, दुसरा गेला. चैत्रात कोळीवाड्याची माणसं एकवीरेच्या यात्रेला कार्ल्याला निघाली, तेव्हा तुळसाही माहेरच्यांबरोबर गेली.

इतर बायका देवीला साडी बोलत होत्या, कोंबडा बोलत होत्या, कुणी बकरा. तुळसाकडे यातलं काहीच बोलण्यासारखं नव्हतं. मग आपल्याला सगळ्यांत जास्त आवडतं ते तिनं देवीपुढं ठेवलं. हात जोडून, शेजारच्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "माझा दादला गिरणीत कामाला लागेपर्यंत मी म्हावरं तोंडात घालणार नाय."

डोंगर उतरताना तिला वाटत होतं, फार तर पावसाळ्यापर्यंत. पावसाळ्यात तशीही होड्या बंद असतात, म्हणजे नुकसान काहीच नव्हतं.

संप कधी मिटला हे गिरणगावात कुणाला सांगता येत नाही. तो मिटला असं कुणी जाहीर केलंच नाही. काही गिरण्या पुढं हळूहळू सुरू झाल्या, निम्म्या माणसांवर. रघूच्या गिरणीनंही दीड वर्षानं एकदा फाटक उघडलं, पण आत घ्यायच्या माणसांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. तो सकाळी अंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून फाटकापर्यंत जायचा आणि साडेदहाला परत यायचा. हे त्यानं दोन वर्षं केलं. नंतर त्यानं शर्ट बदलणं सोडलं, आणि मग जाणंही सोडलं.

तुळसानं मात्र पहिल्याच पावसाळ्यानंतर, नारळी पुनवेला होड्या पाण्यात गेल्या तशी, पाटी धरली. तिचा भाऊ धर्मा कफ परेडच्या मच्छीमार नगरात राहायचा, एका होडीवर जायचा. पहाटे ती बसनं तिकडं जायची, किनाऱ्यावर होडी लागली की धर्माच्या ओळखीनं माल उचलायची आणि नऊच्या सुमाराला डिलाईल रोडवर हजर व्हायची. किनाऱ्यावर बांबूंच्या उभ्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले असत. त्यांच्याखालून वाकून जाताना पहिले काही महिने तिच्या तोंडाला पाणी सुटायचं. ती खाली थुंकायची आणि पुढं जायची.

कठीण होतं ते दुपारचं जेवण. दीडला घरी येऊन हातपाय धुवायचे, आणि अर्ध्या तासात स्वतःसाठी वेगळं काहीतरी शिजवायचं. घरच्यांचं कालवण सकाळीच झालेलं असे. तिच्या वाट्याला डाळ, वांगं, कधी वाल. पण ज्या जिभेवर लहानपणापासून माशाचं खारं बसलेलं, तिला वांग्याच्या भाजीत काय सापडणार? तिखट वाढवलं, मसाला वाढवला, तरी खाताना वाटायचं की या जेवणाला बूडच नाही.

ते बूड तिला दुसऱ्या उन्हाळ्यात सापडलं. काशीबाई दर वर्षी बरणीत कैऱ्या खारवून ठेवायची, नुसतं मीठ, पाणी आणि कैऱ्या. कैऱ्या संपल्या की बरणीत गढूळ खारं पाणी उरे, ते मोरीत ओतलं जाई. त्या दिवशी ओतता ओतता तुळसानं बोट बुडवून चाटलं. मग वांग्याच्या भाजीत तिनं पळीभर पाणी घातलं. वर्षभर मुरलेलं आंबट-खारट पाणी होतं ते. मासा नव्हता त्यात, पण जिभेच्या मागच्या बाजूला जिथं मासा लागतो, तिथंच ते लागत होतं. त्यानंतर त्या घरातलं कैरीचं पाणी मोरीत गेलं नाही.

पाच वर्षं झाल्यावर काशीबाईनंच विषय काढला. "देवीचं मन मोठं असतं, तुळसा. नारळ दे, माफी माग आणि खा. कुणी विचारणार नाय."

"माफी कशाची मागू?" तुळसा म्हणाली. "देवीनं मला फसवलं असतं तर मी सोडून दिलं असतं. देवीनं कुठं फसवलंय? फसवलं मालकानं. मग माझा शब्द देवीकडचा का मोडू?"

काशीबाईला हे पटलं नाही. पण सून रोज उन्हात बसून दमून आलेली असायची, त्यामुळे तो वाद पुढं गेला नाही. काशीबाई नव्वद साली वारली. रघू तोवर परळच्या एका इमारतीत वॉचमन झाला होता.

नलू मात्र स्वयंपाकातच शिरली. शाळेत ती यथातथा होती, पण आईचा वेगळा आणि घरचा वेगळा असा दोन चवींचा स्वयंपाक बघत वाढल्यामुळे म्हणा की आणखी कशामुळे म्हणा, तिला पदार्थ चाखून त्यात काय काय आहे ते सांगता यायचं. दादरला एका संस्थेत तिनं केटरिंगचा कोर्स केला. दोन-तीन कँटीनमध्ये काम केलं. मग दोन हजार सहा साली ती एक दिवस घरी आली आणि म्हणाली, "आये, मला थाई हॉटेलात नोकरी लागली. कुठं ते ओळख."

रघूची गिरणी विकली गेली त्याला बरीच वर्षं झाली होती. चिमणी तेवढी ठेवली होती, बाकी जागी काचेच्या इमारती आल्या होत्या. नलूची नोकरी तिथंच होती, आतल्या जुन्या भिंती राखून केलेल्या एका रेस्टॉरंटमध्ये.

"साचेखातं होतं तिथंच आहे, असं मॅनेजर सांगतो," नलू म्हणाली.

"मॅनेजरला काय ठावं," रघू म्हणाला, आणि पेपर वाचत राहिला.

तिथला मुख्य आचारी कास्मीर नावाचा होता. गिरगावातला ईस्ट इंडियन ख्रिस्ती, पन्नाशीतला, बँकॉकच्या एका हॉटेलात आठ वर्षं काढून आलेला. नलूला त्यानं महिनाभर भाज्या चिरायला लावलं, मग एक दिवस कढईपुढं उभं केलं. तांदळाच्या चपट्या नूडल्स, चिंच, गूळ, दाण्याचं कूट, मोड आलेली कडधान्यं. नलूला नवल वाटलं. यातली एकही गोष्ट आपल्या फळीवर नाही अशी नव्हती, फक्त नूडल्स सोडून. आणि सगळं तीन मिनिटांत होत होतं. तिच्या डोक्यात लगेच आईची दुपार आली.

पहिल्या पगाराच्या आठवड्यात तिनं त्या नूडल्सचा डबा घरी आणला. दुपारची वेळ होती, तुळसा नुकतीच हातपाय धुऊन बसली होती.

"खास तुझ्यासाठी आणलंय. व्हेज आहे. मेनूकार्डावर हिरवा ठिपका आहे याला."

तुळसानं झाकण काढलं. काट्यानं एक नूडल उचलली, नाकाजवळ नेली आणि परत डब्यात ठेवली.

"यात म्हावरं हाय."

"काय बोलतेस आये? पनीर आहे ते."

"पनीर दिसतंय मला. मासा यात शिजलेला नाय, पण माशाचं पाणी हाय. मांदेली खारवून ठेवली की पाटीखाली ठिबकतं ना, तसलं." तिनं झाकण लावून डबा मुलीकडे सरकवला. "तुला ठाऊक नव्हतं?"

नलूला ठाऊक नव्हतं. कढईशेजारी तपकिरी पाण्याची जी बाटली असे, तिच्यातलं सगळ्यांत घालायचं एवढंच तिला शिकवलं होतं. बाटलीवरची अक्षरं थाई. तिनं डबा हातात घेतला. मग तिनं विचारलं, "तू खाल्लं असतंस तर?"

"तर काय झालं असतं? चोवीस वर्षं गेली असती," तुळसा म्हणाली आणि उठून डाळीला फोडणी द्यायला गेली.

दुसऱ्या दिवशी नलूनं कास्मीरला गाठलं. दुपारचं गिऱ्हाईक यायला अजून तासभर होता.

"शेफ, ती बाटली फिश सॉसची ना? व्हेजमध्ये पण घालतो आपण?"

कास्मीरनं तिच्याकडे बघितलं. "कुणी कंप्लेंट केली?"

"माझ्या आईनं ओळखलं. वासावरून."

"तुझी आई कोण?"

"मासे विकते."

"मग ती ओळखणारच," कास्मीर म्हणाला. "बाकी कुणी ओळखत नाय गं. सोया घालून बघितलं मी. सपक लागतं. दोन चमचे असतात फक्त. त्याच्याशिवाय ती डिश उभीच राहत नाय."

"रविवारी ते जैन कुटुंब येतं, आजीला घेऊन. ती आजी दर वेळी हेच मागवते."

कास्मीर सुरीला धार लावत राहिला. मग म्हणाला, "मला दुसरं काहीतरी आणून दे जे तसं लागेल. आणलंस तर बाटली फेकून देतो. बोलायला सोपं आहे."

नलू घरी आली ती नूडल्सची दोन पाकिटं आणि सोया सॉसची बाटली घेऊन. सोमवारी तिची सुट्टी असे. तुळसानंही सोमवारी पाटी लवकर उरकली. खोलीत एका गॅसवर लोखंडाची जुनी कढई ठेवून मायलेकी कामाला लागल्या. खरं तर नलूच करत होती, तुळसा पाटावर बसून दाणे भाजत होती आणि चाखत होती. चाखायला तिला आता हरकत नव्हती.

नूडल्स उकळायच्या नाहीत, साध्या पाण्यात अर्धा तास भिजवायच्या, हे नलूनं आधी सांगितलं. कढई धूर येईतो तापवायची. तेल, ठेचलेला लसूण, पनीरचे तुकडे लाल होईपर्यंत. मग नूडल्स आणि त्यावर चिंच, गूळ नि सोया मिसळून केलेलं पाणी. दोन उलथनी घेऊन सगळं वरखाली करायचं, पाणी आटलं की मोड आलेले मूग, पातीचा कांदा, भरड कूट, आणि गॅस बंद. लिंबू खाताना.

तुळसानं घास घेतला. "गोड हाय, आंबट हाय. बूड नाय याला."

"तेच तर! कास्मीर पण हेच म्हणतो."

तुळसा उठली, पलंगाखालून बरणी ओढली आणि वाटीभर कैरीचं पाणी आणलं. नलूनं कपाळावर हात मारला. लहानपणापासून समोर असलेली बरणी तिला आठवली नव्हती. दुसऱ्या खेपेला तिनं सोया निम्मा केला आणि कैरीचं पाणी घातलं. ते फार आंबट झालं. मग चिंच कमी केली. मग गूळ थोडा जास्त, आणि ते सगळं मिश्रण आधी छोट्या पातेल्यात उकळून निम्म्यावर आणलं. चौथ्या कढईला तुळसानं घास घेतला, चावला, आणि दुसरा घास घेतला. नलूला तेवढं पुरलं.

उरलेल्या तीन कढयांतलं रघूनं आणि शेजारच्या रखमानं खाल्लं. रखमा मालवणी, तिच्या घरी शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, नारळाच्या रसात बुडवून खात. "ह्यो शिरवाळ्यांचो तिखट भाऊ," ती म्हणाली आणि ताट पुसून खाल्लं. रघूनं आपल्या ताटात बोंबलाची चटणी घेतली.

त्या आठवड्यात कास्मीर स्वतः चाळीत आला. नलूनं त्याला त्या पाण्याची बाटली नेऊन दिली होती, पण त्याला ते करताना बघायचं होतं. जिन्यात जुन्या वासाची ओळख पटल्यासारखा तो जरा थांबला, मग आत येऊन पलंगाच्या कडेवर बसला. तुळसानंच कढई चढवली. आता तिचा हात बसला होता. भिजलेल्या नूडल्स तिनं बोटावर लटकवून बघितल्या आणि चार मिनिटांत ताट त्याच्यापुढं ठेवलं.

त्यानं सावकाश खाल्लं. "यात काय आहे?"

"कैरीचं पाणी. मीठ, पाणी, कैरी."

"माशाचा थेंब नाय?"

"मी काय खोटं बोलू? मी स्वतः खाते हे."

"हां, ते सांगितलं नलूनं." त्यानं बोट चाटलं. "किती टिकतं हे?"

"मीठ बरोबर पडलं तर वर्ष. दुसऱ्या वर्षी जास्त चांगलं लागतं."

"आणि कैरी मिळते दोन महिने."

"मग दोन महिन्यांत वर्षाचं करा," तुळसा म्हणाली. "आमी सुकट नाय करत तसं?"

कास्मीर हसला. त्या मे महिन्यात रेस्टॉरंटच्या मागच्या बाजूला चार मोठ्या बरण्या आल्या आणि व्हेजची कढई वेगळी झाली, तिच्या मुठीला हिरवी फीत बांधली गेली. आधी जे खाऊन गेले होते त्यांना कुणी काही सांगितलं नाही. नलूनं एकदा विषय काढला, कास्मीरनं हात जोडले, आणि विषय तिथंच राहिला. रविवारची ती आजी पूर्वीसारखीच येत राहिली. नलू स्वयंपाकघराच्या काचेतून तिच्याकडे बघायची. आजीच्या चेहऱ्यावर फरक काही दिसला नाही.

पुढच्या वर्षी नलूनं आईवडिलांना जेवायला बोलावलं. रघूला जायचं नव्हतं. शेवटी गेला तो इस्त्रीचा शर्ट घालून. फाटकावर वॉचमननं तुळसाची पिशवी तपासली. रघू स्वतः वॉचमन असल्यामुळे तो किती नीट तपासतो ते बघत उभा राहिला. आत गेल्यावर त्यानं लोखंडी खांब मोजले. मग मॅनेजरला, जो स्वागताला आला होता, शांतपणे सांगितलं, "हे साचेखातं नाय. हे वाइंडिंग, सूत गुंडाळायचं. साचेखातं तिकडं, गाड्या लावल्यात तिथं." भिंतीवर एका गिरणीचा मोठा काळा-पांढरा फोटो होता. तो रघूनं जवळ जाऊन बघितला आणि म्हणाला, "ही आमची गिरणी पण नाय. साचे वेगले हायत." मॅनेजर हो हो म्हणाला.

शेजारच्या टेबलावर एक अख्खा मासा वाफवलेला आला, लिंबाच्या चकत्या लावून. रघूनं मान वळवली. "जिताडं," तो म्हणाला. "तुळसा, ऐक. मी आज गिरणीत आलोय. फाटकातून आलोय. आता झालं ना तुझं? जिताडं मागवू."

तुळसानं त्याच्याकडे बघितलं. हे तो थट्टेत म्हणत नव्हता. पंचवीस वर्षं बायको आपल्यापायी जेवणात कमी करते, हे त्याच्या मनात होतंच, पण त्यानं ते कधी तोंडावर आणलं नव्हतं.

"कामाला आलात की जेवाला?" तिनं विचारलं.

रघू पाण्याच्या पेल्याशी चाळा करत राहिला. "जेवाला," तो म्हणाला.

"मग तुमी खा जिताडं. मी माझं खाते."

तिला राग आलेला नव्हता. नलूनं तिच्या नूडल्स आणल्या, रघूसाठी जिताडं आणलं. तुळसानं त्या माशाच्या डोळ्याकडे एकदा बघितलं आणि हळूच सांगितलं, "चार दिवस बर्फात होता. पण खा, वाईट नाय." रघूनं काटे बाजूला काढत सगळा मासा संपवला. घरी जाताना तो म्हणाला की तेल कमी होतं.

रघू दोन हजार अकरा साली वारला, कामावर, खुर्चीत बसल्या बसल्या. तेरा दिवस घरात साधं शिजलं. चौदाव्या दिवशी मच्छीमार नगरातून धर्मा आला, त्याच्या बायकोनं रीतीप्रमाणे म्हावरं करून आणलं होतं. ताटं मांडली. तुळसापुढं वरणभाताचं ताट ठेवलं आणि सगळे जरा अवघडले. नवस आता फिटायची शक्यता उरली नव्हती, आणि त्याचं काय करायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. धर्मा म्हणाला, "तुझं तू बघ गं. आमी काय बोलणार नाय."

तुळसानं वरणभाताचं ताट बाजूला केलं आणि बोंबलाचं मागितलं.

"ज्याच्यासाठी सोडलं, तो गेला," ती म्हणाली. "आता धरून बसले तर ते देवीसाठी नाय. माझ्या तोऱ्यासाठी."

तिनं बोंबलाचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. सगळे तिच्याकडे बघत होते, म्हणून तिनं जरा घाईनंच गिळला. धर्माच्या बायकोनं विचारलं, "कसा हाय?"

"बरा हाय," तुळसा म्हणाली. "मीठ थोडं कमी."

नलू त्या वेळी मोरीत जाऊन रडली. तुळसा रडली नाही, निदान त्या दिवशी नाही. एकोणतीस वर्षांनी मासा खाताना काहीतरी वाटेल असं तिला वाटलं होतं, पण बोंबील बोंबलासारखाच लागला. आईच्या घरची एखादी जुनी दुपार आठवली, आणि घशात काटा अडकेल का या भीतीनं तीही पुसली गेली. त्यानंतर घरात म्हावरं असलं की ती खायची, नसलं की आठवण काढायची नाही. दोन वर्षांनी गुडघ्यांनी दगा दिला आणि तिनं पाटी ठेवली. दवाखान्याच्या पायरीशी आता कोलंबीवाली बसते.

ते रेस्टॉरंटही फार टिकलं नाही. आधी कास्मीर मुलीकडे गोव्याला गेला, मग जागा दुसऱ्या कुणी घेतली. नलूचं लग्न उशिरा झालं, रमाकांत नावाच्या परळच्या माणसाशी, आणि दादरला एका शाळेमागं तिनं डबे द्यायला सुरुवात केली. तिच्या आठवड्याच्या यादीत बुधवारी नूडल्स असतात. कैऱ्या खारवायचं काम मात्र आईकडे आहे. एप्रिल लागला की रमाकांत गोणी आणून टाकतो आणि तुळसा खाली बसून, पाय लांब करून, एक एक कैरी पुसत राहते.

दुपारी ती एकटीच असते. अजूनही दीडलाच जेवते, आणि आठवड्यातून दोन-तीनदा तिच्या कढईत नूडल्सच असतात. पनीर नसलं तर बटाट्याच्या काचऱ्या, मूग नसले तर कोबी. आता दाणे आधीच कुटून बरणीत भरलेले असतात, त्यामुळे भिजवण्याचा वेळ सोडला तर डाळ शिजण्याच्या निम्म्यात होतं.

मध्यंतरी रखमानं धरलं की मला पण नूडल्स शिकव. तिच्या नातीनं टीव्हीवर बघितलं होतं आणि तिला तेच हवं होतं. तुळसा तिच्या खोलीत जाऊन पाटावर बसली आणि नुसतं सांगत राहिली, हात लावला नाही. रखमानं नूडल्स भिजत घातल्या आणि दारात कुणाशी तरी बोलायला गेली ती तास झाला तरी परत येईना.

"रखमा! काढ त्या पाण्यातून!"

"इलंय, इलंय!"

ती आली तेव्हा नूडल्स फुगून पातेल्याच्या काठाला लागल्या होत्या. कढईत पडताच त्यांचा गोळा झाला. रखमानं उलथन्यानं तो सोडवायचा प्रयत्न केला, मग पाणी घातलं, मग आणखी चिंच घातली, आणि शेवटी दोघींपुढं आंबटगोड, घट्ट अशी एक पेज तयार झाली. रखमा ती बघत उभी राहिली.

"ह्यां काय झालां गो?"

"आण वाट्या," तुळसा म्हणाली. "चमचे पण आण. कूट घालून खाऊ."